धरणातला उंबरा

आमच्या मालकाचं नाव कोंडाजी. मालक व्हता तवर उखाण्याबिगर कदी घेतलं न्हाई. आता तो गेला, मी पिकलं पान. घेतलं नाव तर कोण जीभ कापतंय? माणूस कामाला वाघ, पण येकदा डोसक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी निघायचं न्हाई.

आमचं मूळ गाव लोणावळ्याच्या पल्याड. कोंडाजीला येकच थोरली बहीण, अंबूबाई, म्हंजे माज्या वन्सं. त्यांना तळेगावच्या पल्याड सुदुंबऱ्याला दिलेलं. आईबाप न्हाईत, त्यामुळं भाऊ हेच त्यांचं माहेर. दर साल नागपंचमीच्या आदल्या दिशी कोंडाजी मुऱ्हाळी म्हणून जायचा आन बहिणीला घिऊन यायचा. दारात मी भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायावर पाणी घालायची, मंग वन्सं उंबरा वलांडायच्या. उंबरा दगडी व्हता, डाव्या कोपऱ्याला टवका उडालेला. ल्हानपणी ह्या बहीणभावांनीच त्याच्यावर आंब्याच्या कोया ठेचून उडवलेला.

तवा जर्मनची लढाई चालली व्हती. आमच्याकडं धरण यायचं ठरलं. वन्सं पंचमीला आल्या तवा बजावून गेल्या, "कोंडू, कायबी होऊ दे, जमिनीच्या कागदावर अंगठा दिऊ नगंस." आन ह्या शहाण्यानं दिला! तोबी गावात सगळ्यात आदी. सायबाच्या माणसानं पाठीवर हात ठिवला, तुज्यासारख्या समजूतदारानं सुरवात करावी म्हणला, झालं, गडी इरघळला. त्याचं बगून बाकीच्यांनी दिले.

पुढली पंचमी त्या घरातली शेवटची. पाणी यायला अवकाश व्हता, झोकाबी बांधला व्हता. कोंडाजी काय बहिणीला आणायला उठंना. म्हणला, "कुटल्या तोंडानं जाऊ?"

"हाय त्याच तोंडानं जावा की! दुसरं कुटनं आणणार?" मी म्हणलं. मी जाते म्हणलं तर डोळे वटारले. तिकडं वन्सं गाठोडं बांधून दारात बसल्या. मुऱ्हाळी आल्याबिगर लेक माहेरी कशी येणार? वरीसभरात गाव पाण्याखाली गेलं आन आमी कुसगावात येऊन ऱ्हायलो.

मंग दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी वसरलं की ह्यो माणूस पहार घिऊन चिखलात जायचा. उंबरा शोधायला! "अक्काचं माहेर म्या बुडवलं. त्यातलं कायतरी वर काढल्याबिगर तिच्या दारात जाणार न्हाई," म्हणायचा. मी लय भांडले. दगडाला काय कवटाळता, माणूस हाय तवर भेटून या, म्हणून घसा कोरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी. पंचमीला तर दिवसभर अन्नाला शिवायचा न्हाई, तळेगावच्या वाटंकडं बगत बसायचा. मलाबी वन्संची लय सय यायची. झोक्यावर दोगींनी मिळून म्हणलेली गाणी मला येकटीला पुरी आठवायची न्हाईत.

अशी तेवीस वर्सं गेली. येका उन्हाळ्यात पाणी कदी न्हाई इतकं खाली गेलं आन उंबरा गावला. टवक्यासकट. लोणावळ्याचे गफूरभाई गाडीवान, त्यांच्या बैलगाडीत घालून आणला आन आमच्या दाराला बसवला. त्याच श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिशी, कोंडाजी मला म्हणला, "रतन, तू चल संगं. येकट्याचा पाय उचलत न्हाई."

तळेगावपातुर आगगाडीनं गेलो, पुढं पायी. वन्सं दारात तांदूळ निवडत बसल्या व्हत्या. केस पांढरे, नजर मंदावलेली. कोंडाजीनं जाऊन सरळ पाय धरले.

"अक्का, पयला अंगठा म्याच दिला. तू बजावलं असून दिला. पर आपला उंबरा काढून आणलाय बग. दाराला बसवलाय."

वन्संनी त्याच्या तोंडावरनं हात फिरवला. मला वाटलं, आता कानाखाली देत्यात. दिली असती तरी मी आडवी गेले नसते.

"अंगठ्याचं मला तवाच कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तू दिला नसता तर दुसऱ्यानं दिला असता. धरण काय तुज्या अंगठ्यावाचून आडलं व्हतं व्हय? पर तेवीस पंचम्या म्या गाठोडं बांधलं आन सोडलं रं, कोंडू. दगड कशापायी शोधत बसलास, येड्या? मी तर हितंच व्हते की!"

कोंडाजी लेकरागत रडला. मीबी रडले, खोटं कशाला सांगू?

वन्सं उठल्या. भिंतीला हात लावत आत गेल्या आन गाठोडं घिऊन आल्या. बांधूनच ठिवलेलं व्हतं.