साडूंच्या विमानातली दुसरी सीट

सुरतेच्या लिंबायतमध्ये राहून जमिनीशी इतका कमी संबंध ठेवलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे माझे थोरले साडू. दिवसभर यंत्रमागाच्या कारखान्यात मागांच्या देखरेखीची मास्तरकी करायचे. पण कॉलेजात एनसीसीत असताना त्यांनी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, चालवलं होतं आणि तेव्हापासून ते मनानं खाली उतरलेच नव्हते. गच्चीवर ओलं बोट धरून वारा पाहिल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचे नाहीत. रिक्षा वळली की स्वतः कलायचे आणि शेजारच्यालाही कलायला लावायचे. एका नातेवाइकाच्या अंत्यविधीला आम्ही सगळे माना खाली घालून उभे असताना हे चितेच्या धुराकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "वा, काय लिफ्ट आहे! हवा कशी वर उचलतेय!" घरी हे कळल्यावर त्यांच्या बायकोनं, आमच्या ताईंनी, कपाळावर हात मारला. "यासले जमीनच नको शे!"

चौऱ्याण्णव साली एनसीसीतल्या जुन्या मित्रानं त्यांना ऑस्ट्रेलियाला बोलावलं. तो तिथल्या ग्लायडिंग क्लबात होता. डिसेंबरात तिकडे जमीन तापते, गरम हवा वर चढते, ती पकडून तासन्‌तास तरंगता येतं, हे साडूंनी आम्हाला इतक्यांदा समजावलं की माझी मुलगी ते परीक्षेत न विचारता लिहून आली. ग्लायडर उडवायचा त्यांचा जुना परवाना संपला होता. मग मुंबईला जाऊन डॉक्टरी तपासणी, दिल्लीला अर्ज, फोटो नापसंत, पुन्हा फोटो. शेजारच्या खोलीत एक ओडिया विणकर एकटाच राहायचा. त्याला हे रोजची प्रगती ऐकवायचे, आणि तो बिचारा मन लावून ऐकायचा.

सप्टेंबरात सुरतेत प्लेग आल्याची बातमी पसरली. मिळेल त्या गाडीनं माणसं गावाकडे पळाली. आम्हीही ताईंना आणि मुलांना घेऊन अमळनेरला निघालो. साडू मात्र दारातच उभे.

"तुम्ही व्हा पुढे. परवान्याचं टपाल येईल, घरी कोणी नको?"

"जिवापेक्षा टपाल मोठं का?" मी ओरडलो.

त्यांनी ऐकलं नाही. दोन दिवसांत शेजारचा विणकर तापानं फणफणला, खोकल्यातून रक्त पडू लागलं. गल्ली रिकामी होती. साडूंनी तोंडाला रुमाल बांधून त्याला पाठीवर घेतलं, हातापाया पडून एक रिक्षा मिळवली आणि सरकारी दवाखाना गाठला. सकाळपर्यंत तो गेला. साडूंना तिथंच गोळ्या देऊन वेगळं ठेवलं. परवाना आला तेव्हा घराला कुलूप होतं; पोस्टमननं तो दाराखालून आत सरकवला होता.

मित्राचा फोन आला. सुरतेचं नाव ऐकून क्लबातले लोक घाबरले होते. "यंदा नको येऊस," तो अवघडून म्हणाला. साडू म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा बोलावलं. साडूंनी नकार कळवला. मी कारण विचारलं.

"रिक्षात तो विणकर विचारत होता, 'मास्टरजी, मुझे भी ले जाओगे?'" साडू म्हणाले. "मी म्हटलं, नेईन की, दोन सीटा असतात. तर इतक्या तापातही हसला रे."

पुढे परवान्याची मुदत संपली. पुढच्या तपासणीला ते गेलेच नाहीत.