भिंतीकडे तोंड केलेला नंदी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. हे लिहितोय ते राग गिळता येत नाही म्हणून.

फुलंब्रीजवळच्या एका जुन्या, काळ्या दगडाच्या महादेव मंदिरात आम्ही पुंडलिकनगरहून दर सोमवारी जायचो. गाभारा खोल, दार ठेंगणं. आजारपणात माझ्या पत्नीला, सुमनला, आत उतरणं जमेना. मग ती नंदीच्या पाठीवर डावा हात ठेवायची, उजव्या हाताचा अंगठा नि तर्जनी शिंगांवर टेकवायची आणि मधल्या फटीतून पिंडी पाहायची. थकलेले, आजारी, एकेकाळी ज्यांना आत येऊच दिलं नाही ते — पिढ्यान्‌पिढ्या अशा सगळ्यांसाठी नंदी हेच दार होतं.

गेल्या उन्हाळ्यात गेलो तर नंदी मंडपाच्या कोपऱ्यात... तोंड नव्या टाइल्सच्या भिंतीकडे. मंदिर समितीचे प्रमुख, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, शेजारीच खुर्ची टाकून बसले होते.

"भाऊ, नंदी का हलवला?"

"लाइन अडायची ना सर. गर्दी लई वाढली."

"तिथून महादेव दिसत नाही."

"मग? नंदीनं तुमच्याकडं तक्रार केली व्हय?"

दोघं-चौघं हसले. सुमन सावकाश कोपऱ्यात गेली. पाठीवर हात, शिंगांवर बोटं... भिंतीकडे वाकून ती बराच वेळ पाहत राहिली.

"अहो, दिसला," ती म्हणाली. "नाग काढून ठेवलाय आज. पांढरी कण्हेर आहे... एक गोकर्ण डावीकडं घसरलंय."

भाऊंनीही ते ऐकलं. मला वाटलं, ती माझी समजूत काढतेय. तिला बसवून मी गाभाऱ्यात उतरलो. पिंडीवरचा तांब्याचा नाग नव्हता — गुरवानं घासायला काढला होता. पांढरी कण्हेर. डावीकडे घसरलेलं एक निळं गोकर्ण. पिंडीचं दर्शन दाखवणारा मंडपातला टीव्ही बंद होता आणि फाटकातून आम्ही थेट नंदीपाशी गेलो होतो.

तो तिचा शेवटचा सोमवार.

ती गेल्यावर भाऊ घरी भेटायला आले. चहा पिताना म्हणाले, "वहिनींना भिंतीतून दर्शन झालं, सर. म्हंजे नंदीला तिथंच बसायचं व्हतं. तसा बोर्ड लावू म्हणतो. वहिनींचं नाव टाकू."

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि दार उघडलं.

तिला काय दिसलं, कसं दिसलं, मला माहीत नाही. पुष्कळ वाचलं; हाती काही लागलं नाही. पण मरणाच्या दारातल्या बाईला देवाला भिंतीतून दर्शन द्यावं लागलं, ही समितीची पुण्याई नव्हे.

मी अजूनही सोमवारी जातो. शिंगांवर बोटं ठेवून वाकतो. टाइल्स दिसतात.

नंदीलाही तेच दिसत असणार.