शेवाळाचं धुवण

यावलच्या मंदाबाईचा स्वभाव असा, की पाण्याचा थेंब वाया गेला तरी तिच्या जिवाला लागे. नवरा गेल्यावर केळीची बाग तिने एकटीने राखली. थोरला दीर झिपरू त्या बागेवर टपूनच होता. पंचांसमोर ठरलं होतं, की एक हंगाम जरी बुडाला, तरी पुढे बाग झिपरूने करायची. विहीर दोघांत एकच, पाण्याच्या पाळ्या वाटून घेतलेल्या.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात भुसावळचे पेंडीचे व्यापारी अमृतलाल शेठ यांनी काठेवाडच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या शेवाळाची पोती मागवली. मंदाबाईला त्यांनी समजावलं, की याला मूळ असं नसतंच. खाली असते ती नुसती खडकाला धरलेली पकड. हे खातं-पितं सगळ्या अंगाने. लाट अंगावरून जाते आणि तिच्यात विरघळलेलं नत्र, पालाश, जे सापडेल ते पाती न् पाती ओढून घेते, गरजेपेक्षा जास्त साठवूनही ठेवते. म्हणून खत चांगलं. फक्त आधी गोड्या पाण्यात धुऊन खार काढा, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

मंदाबाईने धुतलं, अगदी मन लावून धुतलं. विहिरीवरच्या हौदात पोती रिकामी केली, तुडवली, पाणी बदललं, परत तुडवली. आणि धुवण? खानदेशात मोरीचं पाणीसुद्धा परसातल्या केळीला जातं. ते फेकून द्यायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तिने हौदाचं तोंड सवयीने बागेच्या पाटात सोडलं.

काही दिवसांत पानांच्या कडा करपल्या. तिला वाटलं, उन्हाने असेल. मग मधल्या गुंडाळलेल्या पानांचे कोवळे पोगेही मलूल झाले. तिने बुंध्याशी वाकून पाहिलं, तर मातीवर पांढरी पापडी धरलेली. चिमूटभर जिभेवर ठेवली, ती खारट लागली. त्या शेवाळाला खारात जगायची सवय. केळीला बिचारीला एकच तोंड, मुळाचं, आणि तेच तिने मिठाने बंद केलं होतं.

गोडं पाणी भरभरून देऊन खार खाली जिरवायचा, दुसरा इलाज नव्हता. पण तिची पाळी कालच संपली होती आणि पुढची येईपर्यंत केळी तग धरणार नव्हती. विहिरीवर झिपरूची मोटर धडधडत होती. त्याच्याकडे जायचं म्हणजे आपल्या तोंडाने चूक कबूल करायची. न जावं तर हंगाम बुडालाच. तिला झिपरूचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

शेवटी पदर सावरून ती गेली. "भाऊ, माह्याच हातानं खारं पानी गेलं केयीले. तुमचं पानी मले द्या."

झिपरू करपलेली पानं रोज बघत होता. त्याने नवल दाखवलं नाही. "पानी देतो," तो म्हणाला. "पन मंग बाग मीच करीन."

मंदाबाईने वळून केळीकडे पाहिलं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं; आलं नाही. "पाट आत्ताच फिरवा," ती म्हणाली.

झिपरूने आपली सगळी पाळी तिकडे सोडली, हे मात्र खरं. नवे पोगे हिरवेगार सुटले आणि पुढे घडही भरले. कापणीला घड गाडीपर्यंत वाहायला झिपरूने बाया लावल्या, त्यांत मंदाबाई आपणहून येऊन उभी राहिली. एकाही घडाला तिने ओरखडा पडू दिला नाही.