उन्हात वाळत घातलेला कागद

औंढ्यात नागनाथाच्या वाटेवर माझं हार-नारळाचं दुकान हाय, आन् भिंतीला भिंत लागून प्रेमदासभाऊचा फोटू स्टुडिओ. भिंत अशी पातळ की त्यो पलीकडं खोकला तर मी इकडून 'पाणी प्या' म्हणते. माणूस इथल्याच गोरेगावकडच्या बंजारा तांड्यावरचा. आज्यापणज्यांनी बैलांवर मीठ वाहिलं, ह्या बाबानं गळ्यात क्यामेरा अडकवला. एक काळ असा व्हता, श्रावणात त्याच्या दारात माझ्यापेक्षा जास्त गर्दी असायची. देवळापुढं उभं राहून फोटू काढल्याबिगर लोकांची यात्राच पुरी व्हत नव्हती.

आता कोण इचारतंय? हरेकाच्या हातात मोबाईल. देवाकडं पाठ करून दात काढत्यात, आन् वरून मलाच म्हणत्यात, 'मावशी, जरा बाजूला सरका.' मेल्यांनो, एक नारळ तरी घ्या! प्रेमदासभाऊ पोटासाठी कॉम्प्युटरवर ओळखपत्राचे फोटू काढून देतो, पण जीव अजून रोलातच अडकलेला. जुना क्यामेरा घेऊन फिरतो आन् दिवसभरात एखादाच फोटू काढतो. कधी म्हशी, कधी नुसती भिंतीवरची सावली.

मी म्हणते, "भाऊ, सावलीचा काय फोटू काढता? तिला तोंड हाय का नाक?"

तर हसतो. "आशाबाई, मोबाईलमदी लगेच दिसतं. दिसलं की संपलं. रोलाचं कसं, काढायचं आन् वाट बघायची. काय आलं असंल, काय न्हाई, त्यात माझे दिवस बरे जातात."

वाट बघायला माणूस लागतं, ते त्याच्याकडं न्हाई, म्हणून रोलाची बघतो, असं माझ्या मनात येतं.

स्टुडिओच्या मागं त्याची काळी खोली. खिडकीला पुठ्ठे ठोकलेले, दाराला जाड काळा पडदा, आत एक लाल बल्ब. एकदा त्यानं मला माझाच फोटू बघायला आत बोलावलं. मी आधी नाक दाबलं, असला आंबूस वास. पांढरा कोरा कागद त्यानं थाळीतल्या औषधाच्या पाण्यात सोडला आन् थाळी हळूहळू हलवायला लागला. मी म्हटलं, ह्याला काय होणार? तर बाई गं! आधी माझं कुंकू आलं, मग डोळे, मग सगळं तोंड. मी चिरकलेच. त्यो मात्र लेकरू बघावं तसा त्या कागदाकडं बघून राहिला. इतकी वर्षं ह्याच कामात घालवलेला माणूस, आन् त्यालाबी नवल वाटत व्हतं.

त्याची बायको मिराबाई पाच-सहा वर्षांमागं तापानं गेली. भिंतीवर तिचा एकच फोटू, आधार कार्डावरून मोठा केलेला, पोलिसांनी धरून आणल्यासारखा. गावाचे फोटू काढणाऱ्याच्या घरात बायकोचा धड फोटू न्हाई! मी एकदा त्याला चांगलं खडसावलं. तर त्यानं खिशातल्या पाकिटातून निगेटिव्ह काढून उजेडाला धरली. मिराबाई गेली तवा रोल क्यामेऱ्यातच व्हता. मागून धुतला तर शेवटाला ती. तारेवर धुणं टाकताना मागं वळून हसलेली. निगेटिव्हमदी तोंड काळं आन् केस पांढरे, पण हसणं वळखू येत व्हतं.

"मग कागदावर काहून काढत न्हाई?" मी म्हटलं.

"रुपा आली की काढू."

रुपा त्याची एकुलती एक पोरगी. लहानपणी त्या काळ्या खोलीत डब्यावर उभी राहून थाळी हलवायची, आन् तोंड उगवलं की टाळ्या पिटायची. मग आश्रमशाळेत गेली, मग लग्न, आता पुण्याला. भाऊनं शेवटचे थोडे कागद काळ्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवले व्हते. थाळी रुपानं हलवायची, तिची याडी तिच्या हाताखाली वर यायची. याडी म्हंजे आई, त्यांच्या बोलीत. बाकी काही मागणं नव्हतं त्या माणसाचं. पण रुपा यायची ती घाईत. एकदा लेकरू आजारी, एकदा नवऱ्याला सुट्टी न्हाई. आली तशी गेली. त्यो म्हणायचा, "बघू पुढच्या साली."

औंदा भादव्यात ती एकटी आली, सांजच्या गाडीनं परत जाणार व्हती. सकाळी भाऊ माझ्या दुकानापुढं उभा राहिला. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे. "आशाबाई, आज दुपारी मिराचा फोटू. रुपाला अजून सांगितलं न्हाई, पडद्यामागं नेऊनच सांगतो." फ्रेम आन् जिलेबी आणायला गेला. चालताना गुणगुणत व्हता. असला मी त्याला कधी बघितला न्हाई.

इकडं रुपाच्या मनात येगळंच. आपल्याकडं घटं बसायच्या आधी दसरा काढत्यात. घरातली चिंधी न् चिंधी धुवायची, डबा न् डबा उन्हात घालायचा. याडी गेल्यापास्नं ह्या घराचा दसरा कोणी काढला नव्हता. पोरीनं पदर खोचला. गोधड्या बडवल्याचा आवाज मला दुकानात येत व्हता, पण सोमवार, गिऱ्हाइकाची झुंबड, मला मान वर करायला सवड न्हाई. मनात म्हटलं, गुणाची पोर.

भाऊ आला. बगलेत फ्रेम, हातात जिलेबीचा पुडा. आत गेला आन् आवाजच न्हाई. मी हातातला हार टाकून मागं धावले. काळ्या खोलीची खिडकी सताड उघडी. पुठ्ठे उकिरड्यावर. काळा पडदा धुऊन दोरीवर. आन् पत्र्यावर, भर उन्हात, डब्यातले सगळे कागद ओळीनं वाळत घातलेले. पावसाळ्यानं दमट झाले व्हते ना! पोरीला वाटलं, बाच्या कॉम्प्युटरचे कागद हायत. तिनं त्यो कागद लाल उजेडातच बघितला व्हता, आन् तोबी लहानपणी. उजेड लागला की मेला, हे तिला काय ठाऊक! कागद वांगी रंगाचे झाले व्हते.

"बा, बुरशी लागली व्हती," ती घाम पुसत म्हणाली. "वाऱ्यानं उडू न्हाईत म्हणून याडीच्या बलिया ठिवल्यात वर." बलिया म्हंजे तांड्यातल्या बाया दंडात घालतात त्या पांढऱ्या जाड बांगड्या. पेटीतून त्याबी ऊन दाखवायला काढल्या व्हत्या.

माझ्या तोंडावर आलंच व्हतं, 'अगं, काय करून बसलीस!' पण भाऊनं माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मी दोरीवरचा पडदा सारखा करायला लागले.

"बेस केलंस, बाई," त्यो पोरीला म्हणाला. "मला एकट्याला हे उरकलं नसतं." आन् जिलेबीचा पुडा सोडला.

रुपानं खाल्ली, हसली, शेजारापाजाऱ्यांची खबर घेतली. "बा, ही फ्रेम कशाला?" तिनं इचारलं. "हाय एका गिऱ्हाइकाची," म्हणाला. सांजच्याला ती निघाली तवा पोरीचा चेहरा निवलेला व्हता, याडीचं घर लख्ख केल्याचं समाधान. गाडी सुटल्यावरबी भाऊ स्टँडवर उभाच व्हता. मीच हाताला धरून आणलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते कागद उचलले. बलिया उचलल्या तर खाली पांढरी वर्तुळं, एकात एक अडकलेली. तेवढ्या जागेला ऊन लागलं नव्हतं. लगेच एक कागद आत नेऊन हायपोच्या पाण्यात बुडवला. त्यात घातलं की चित्र पुढं काळवंडत न्हाई, म्हणाला. वांगी रंगाचा तपकिरी झाला, वर्तुळं तशीच राहिली. वाळवून त्यानं त्यो त्या फ्रेममदी घातला आन् आधार कार्डाच्या फोटूशेजारी लावला.

मला राहवलं न्हाई. "फोन लावा की पोरीला! सांगा, कशाचं वाटोळं केलंस. नवा कागद मागवा, बोलवा तिला."

"कागद मागवला," त्यो म्हणाला. "पण तिला सांगायचं न्हाई. सांगितलं तर जन्मभर झुरंल. आन् पुढच्या साली दसरा काढायला हात लावंल का ती? बुजून बसंल पाव्हण्यावाणी. मग माझ्याकडं यायला तिला कारण काय उरलं, आशाबाई?"

मी पदर तोंडाला लावला आन् दुकानात आले. गिऱ्हाईक हार मागत व्हतं, त्याला नारळच दिला.

आता नवे कागद त्याच डब्यात हायत. डब्याला कुलूप लावलंय, आन् किल्ली त्यानं माझ्याकडं दिलीय. "पोर आली की पदर खोचायच्या आधी तुमीच गाठा तिला, आन् पडद्यामागं घेऊन या," म्हणाला. किल्ली माझ्या कनवटीला असते. पुण्याची गाडी आली की आमी दोघंबी भिंतीच्या दोन बाजूंनी वाकून बघतो.