बिनखांबाचा छज्जा

आमच्या घराच्या भिंती मातीच्या होत्या आणि त्यांवर न्यूयॉर्क चिकटवलेलं होतं. शिकागोही होतं, पण ते चुलीच्या वर, धुरानं काळवंडलेलं. माझ्या नवऱ्याला उंच इमारतींचं वेड होतं. हे बाभुळगावला एका जिनात कापसाची सरकी काढायच्या यंत्रावर कामाला जायचे. शाळेतले गुरुजी जुनी मासिकं रद्दीत देण्याआधी ह्यांच्या हवाली करत. हे त्यातल्या इमारती कापून पिठाच्या खळीनं भिंतीला लावत. भाकरीला पीठ पुरत नव्हतं आणि ह्यांच्या इमारतींना खळ हवी! माझा जीव जळायचा.

हे दुसरीतून शाळा सोडलेले, मी चौथी शिकलेली. म्हणून चित्राखालचा मजकूर मी वाचायची.

"साठ मजले," मी वाचून दाखवलं. "अजी, पाय दुखत नसतीन काय त्या लोकाईचे?"

"अवं, आतमधी पाळणा रायते. बटन दाबलं का वर."

"मंग एक आपल्या विहिरीवर लावा."

हे हसायचे आणि पुन्हा चित्राकडे बघत बसायचे. "पाह्य, नुसती काच अन् लोखंड. नक्षी नाही, कमान नाही. कोनाच्या बापजाद्याचं काहीच नाही याच्यात," असं म्हणायचे. मला त्यात कौतुकासारखं काय आहे ते पुष्कळ दिवस कळलं नाही.

मग एकदा सासूबाईंनी सांगितलं. सासरे शेतमालकाच्या वाड्यावर कामाचं विचारायला गेले की ओसरीच्या खांबापाशी थांबत. आमच्या माणसानं खांबाच्या आत पाय टाकायचा नाही, असा तिथला दस्तूर होता. ऊन असो की पाऊस, बोलणं खांबाबाहेरूनच. हेही लहानपणी बापाचं बोट धरून तिथं उभे राहिलेले होते. ह्यांनी स्वतः मला हे कधी सांगितलं नाही.

छप्पन साली आम्ही दीक्षा घ्यायला नागपूरला गेलो. परत स्टेशनकडे येताना वाटेत एक नवी सिमेंटची इमारत लागली. तिच्या दारापुढे लांबरुंद छज्जा निघाला होता आणि त्याखाली एकही खांब नव्हता. हे जागच्या जागी थांबले. छज्ज्याखाली गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मी गाडी चुकेल म्हणून ओरडत होते.

"कुठून आत अन् कुठून बाहेर, समजूनच नाही राह्यलं वं," हे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग मीही ओरडायची थांबले.

काही वर्षांनी वस्तीनं विहार बांधायचं ठरवलं. कोणी दगड आणले, कोणी रेती, बाया विटा वाहायच्या. ह्यांचा एकच हट्ट होता. पुढे मोठा छज्जा पाहिजे आणि त्याला खांब नको. म्हातारे म्हणाले, "बापू, पडन तो. कोनाच्या डोक्श्यावर पडन." हे ऐकेनात. गुरुजींच्या ओळखीनं यवतमाळच्या एका ओव्हरसियरकडे खेटे घातले, सळया कशा टाकायच्या ते विचारून आले, आणि आमच्यातल्याच मिस्त्रीच्या मागे हात धुऊन लागले. खांब आला की लोक त्याच्या अलीकडचे अन् पलीकडचे होतात, एवढंच ह्यांचं म्हणणं. ते त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. किती जणांना समजलं, कोण जाणे.

छज्ज्याला खालून टेकू दिलेल्या बल्ल्या काढायचा दिवस आला, तेव्हा सगळी वस्ती दूर जाऊन उभी राहिली. हे मात्र मधोमध छज्ज्याखाली.

"अजी, बाहेर या," मी म्हटलं. "माह्यासाठी तरी या."

"तूच आत ये," हे म्हणाले.

मी गेले. मिस्त्रीनं शेवटची बल्ली ओढली. काहीच झालं नाही. आमच्या दोघांवर नुसती सावली होती. मग पोरंबाळं धावत आली, म्हातारे आले, आणि सगळे त्या सावलीत दाटीवाटीनं उभे राहून वर बघायला लागले.

जिनातला कापूस ह्यांच्या छातीत कधीपासून साचत होता. पुढल्या हिवाळ्यात खोकला बसला तो उठलाच नाही. दुपारी मी त्यांना छज्ज्याखाली बाजेवर नेऊन टाकायची. तिथं त्यांना श्वास बरा घेता येतो असं ते म्हणत. होळीच्या आधी ते गेले. भिंतीवरचं न्यूयॉर्क मी काढलं नाही, ते पुढे पावसानं आपोआप सुटलं.

वर्ष होत आलं तेव्हा मी मारेगावकडे माहेरी गेले होते. परत आले तर लोक मला घ्यायला रस्त्यापर्यंत आलेले. सगळ्यांच्या तोंडावर लपवलेला आनंद. मला विहारापाशी नेलं. छज्ज्याच्या पुढच्या काठाला, बरोबर मधोमध, नवा खांब उभा होता. सिमेंटचा, निळ्या रंगाचा, वर छज्ज्याला भिडलेला. त्यावर ह्यांचं नाव कोरलेलं.

"बाई, आता त्याचं नाव कोनी पुसू शकत नाही," वस्तीतले सगळ्यांत म्हातारे बाबा म्हणाले. "अन् छज्ज्यालेबी आधार झाला."

मिस्त्रीनं एक पैसाही मजुरी घेतली नव्हती. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, त्या अक्षरांवरून बोटं फिरवत होत्या.

"बाबाजी," मी हळूच म्हटलं, "त्याईले तं खांबच नको होता."

"माहीत हाये माय. पन मंग नाव कुठं लिहाव?"

मी वर पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. ह्यांनी आम्हाला दिली होती ती मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेवर नाव कोरता येत नाही. ज्याचा राग यावा असं कोणी नव्हतं तिथं.

वर्षश्राद्ध आम्ही सोडलं होतं, तरी वर्ष भरलं त्या दिवशी विहारात वंदना झाली. मी आत छज्ज्याखाली उभी होते. एकेक माणूस आला, खांबापाशी आला की थांबला, चपला काढल्या, नावापुढे हात जोडले, आणि तिथंच उभा राहिला. ऊन चढत गेलं. सगळी वस्ती खांबाबाहेर उन्हात उभी होती, आणि मी आतून म्हणत होते, आत या, अजी, आत या.