अक्काने धुतलेलं लहान आतडं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाअक्काचे. आणि माझ्या लहान आतड्याला भोकं पाडली तीही तिनेच.

आतडं पोटातलं नव्हे, नळीचं. (हे आधीच सांगितलेलं बरं, गावात अजून काहीजण तब्येतीची चौकशी करतात.) धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा निघाली होती आणि मुलाखतीत सातवीच्या वर्गावर तास घेऊन दाखवायचा होता. विषय होता पचनसंस्था. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. अक्काची स्वतःची शाळा अर्ध्यात सुटली, पण रावेरला तिच्या सासरी राहून, तिच्याच हातच्या भाकरी खाऊन मी बी.एस्सी., बी.एड. झालो. ही नोकरी म्हणजे त्या सगळ्या भाकरींचा निकाल होता!

म्हणून मी ठरवलं, खरीखुरी चालती पचनसंस्था न्यायची. तोंडाला नरसाळं, जठराला शेकायची रबरी पिशवी, मोठ्या आतड्याला जाड पाइप. लहान आतडं मात्र चांगलं वीस फूट हवं! भावजी केळीच्या बागेत गेले आणि ठिबकची जुनी नळी घेऊन आले.

"भावजी, हिला तर जागोजाग भोकं आहेत!"

"बुजलेली हायेत ना सारी! खारानं जाम झाली म्हणून तर काढली. एक थेंब पडला तर मले सांग."

पाणी ओतून पाहिलं. खरंच, थेंब नाही.

निघायच्या सकाळी पाहतो तर नळी काळीभोर चकाकत होती.

"अक्का, तू पुसलीस?"

"मंग? एवढे मोठे लोक पाहतीन, अन् तू मातीचं आतडं नेशीन का? चांगली आतून-बाहेरून साफ केली."

माझे डोळे भरून आले. (त्या वेळी डोळ्यांऐवजी नळी भरून पाहिली असती तर!)

जळगावला बस बदलली. धुळ्याच्या गाडीतल्या कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या वेटोळ्याकडे संशयाने पाहिलं.

"हाई काय शे भाऊ?"

"लहान आतडं."

"इतलं लांब, आनि लहान?"

"मोठं पिशवीत आहे."

धुळ्यापर्यंत माझ्या शेजारी कोणीही बसलं नाही.

वर्गात मागे मुख्याध्यापिकाबाई आणि इतर परीक्षकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पण संस्थेचे अध्यक्ष "मला जवळून दिसतं" म्हणत पहिल्या बाकाशेजारी येऊन बसले. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा! पुढच्या दोन बाकांवरच्या मुलांच्या हाती मी नळीची वेटोळी दिली. मोठ्या आतड्याच्या टोकाशी घमेलं घेऊन एक मुलगी उभी केली आणि सुरुवात केली.

"मुलांनो, घास नुसता घरंगळत जात नाही. अन्ननलिका त्याला मागून आवळत पुढे ढकलते. माणूस उलटा झाला तरी घास जठरातच जाणार!"

एक मुलगा लगेच उलटा व्हायला निघाला. त्याला सरळ करून मी नरसाळ्यात डाळीचं पाणी ओतलं, त्यात पित्त म्हणून हिरवा रंग टाकला. (पित्त जठराच्या पुढे मिसळतं हे मला ठाऊक आहे, पण नळीला मध्ये झाकण नव्हतं.)

"आता अन्न लहान आतड्यात शिरतंय. पाहा!" म्हणत मी रबरी पिशवी दोन्ही हातांनी दाबली.

सगळ्यांनी पाहिलं. नळीच्या प्रत्येक भोकातून हिरवं कारंजं उडालं! फळ्यावर, छतावर, मुख्याध्यापिकाबाईंच्या चष्म्यावर!

"सर, आतडं फुटलं!" पोरं ओरडली.

"फुटलं नाही!" मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो. हातून नोकरी निसटताना माणसाला काहीही सुचतं. "लहान आतड्याचं कामच हे! अन्नातला सगळा कस इथेच भिंतीतून शरीरात जातो!"

"कोणाच्या शरीरात?" अध्यक्षांनी हिरवा चेहरा पुसत विचारलं.

"सध्या... तुमच्या, सर."

तेवढ्यात घमेलंवाली म्हणाली, "सर, इकडे काहीच येत नाहीये!"

अध्यक्षांनी मोठा सुस्कारा टाकला. "बाळ, हीच तर माझी तक्रार आहे."

बाहेर येऊन मी अक्काला फोन लावला.

"अक्का, नळीला नक्की काय केलंस?"

"एकेक भोक सुईनं मोकळं केलं रे! जेवण अडकलं असतं तर?"

मी घडलेलं सगळं सांगितलं. ती मग हळूच म्हणाली, "माह्यामुळे गेली का रे नोकरी?"

"शाळेचं उत्तर येईपर्यंत धुळ्यातच थांबतो," म्हणून मी फोन ठेवला. उत्तर आलं, पण जे म्हणायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून रुजू झाल्यावर मी तिला पत्र टाकलं:

"सौ. अक्कास साष्टांग नमस्कार.

नोकरी लागली! अध्यक्ष म्हणाले, 'बाकीच्या उमेदवारांचं अन्न फळ्यावरच राहिलं, यांचं आमच्या अंगी लागलं.' तू सुई हातात घेतली नसतीस तर मीही बाकीच्यांसारखाच कोरडा तास घेऊन घरी आलो असतो. माझ्या शिक्षणातली बुजलेली भोकं आजवर तूच मोकळी करत आलीस, हे मला समोर कधी म्हणता येणार नाही, म्हणून लिहिलं.

काल शिक्षक म्हणून पहिल्यांदा वर्गात गेलो. खडू उचलला मात्र, पुढच्या दोन्ही बाकांवरच्या मुलांनी छत्र्या उघडल्या.

तुझा भाऊ,
प्रकाश"