वाळ्याचे पडदे आणि न दिसणारा उजेड

बिदरच्या एका कॉलेजात आप्पाराव प्रयोगशाळेत शिपाई होते, पण त्यांची ख्याती वाळ्याच्या पडद्यांची. एप्रिल लागला की भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना पडदे लागायचे आणि बरोबर साडेबाराला आप्पाराव झारीने पाणी मारायचे. चौदा वर्षांत खाडा म्हणून नाही. प्राचार्यसुद्धा फाइल घेऊन तिथेच येऊन बसत.

१९८६ च्या उन्हाळ्यात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या नरसिंह सरांनी तिथे नवे यंत्र मांडले. एका लेसरचे किरण नळीतल्या मिथाइल अल्कोहोलच्या विरळ वाफेत सोडले, की वाफेतून दुसरेच लेसर किरण निघायचे, डोळ्यांना न दिसणारे. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला मापकाचा काटा उठला, तर ते आले म्हणायचे. सोमवारी दुपारी गुलबर्ग्याहून तपासणीचे साहेब येणार होते. काटा उठला नाही, तर यंत्र परत जाणार होते.

आणि काटा सकाळी उठायचा, दुपारी झोपायचा. आरसे पुसून पुसून सर थकले.

गुरुवारी आप्पाराव चौदा वर्षांतला पहिला खाडा करून भाचीच्या साखरपुड्याला भालकीला गेले. त्या दिवशी काटा दुपारीही उभा.

"अण्णा, तुमचाच पायगुण दिसतोय," शुक्रवारी सर हसत म्हणाले. "सोमवारी रजा टाका."

"टाकतो की. मग पडद्याला पाणी तुम्ही मारा."

आप्पारावही हसले खरे, पण घरी जेवताना त्यांनी ते बायकोला, इंदिराबाईंना सांगितलेच.

"एवढं मनाला कामून लावून घ्यायलाव?" इंदिराबाई म्हणाल्या. "तुम्ही तिथं करताव तरी काय? पडदेच भिजिवताव."

आप्पारावांच्या हातातला घास हातातच राहिला.

शनिवारी त्यांनी पडदे कोरडे ठेवले. खोलीची भट्टी झाली, पण काटा उठला. मग त्यांनी सरांसमोर पडद्यांवर दोन झाऱ्या पाणी मारले. पाऊण तासात काटा खाली आला.

"पायगुण माझा न्हाई सर, पाण्याचा हाय."

सरांनी कपाळाला हात लावला. हवेतली पाण्याची वाफ हे किरण पिऊन टाकते, हे ते तीन वर्षे वर्गात शिकवत होते.

सोमवारी साहेब कोट घालून आले. दहा मिनिटांत कोट खुर्चीवर गेला.

"अहो, ते पडदे जरा भिजवा की."

"आधी काटा बघून घ्या साहेब," दारात रिकामी झारी घेऊन उभे असलेले आप्पाराव म्हणाले. "मग भिजिवतो."

साहेबांनी काटा पाहिला, पुन्हा पाहिला आणि यंत्र इथेच ठेवावे असे लिहून घाईने सही केली. शाई वाळायच्या आत आप्पाराव नळावर पोहोचले होते.